चुकलो नाही, तरी पाणी भरलंच

ताई,

मी मध्य मुंबईतल्या एका सखल चौकात पावसाळ्यात लावतात त्या उपसा पंपांवर सुपरवायझर आहे. ठेकेदाराचा माणूस. वय २९. हाताखाली अकरा जण, बरेचसे माझ्यापेक्षा मोठे आणि कल्याणच्या पलीकडून येणारे. गेल्या महिन्यात एका रात्री उधाणाची भरती आणि धो धो पाऊस एकदम आले. पंप सगळे चालू होते, डिझेल भरलेलं होतं, माणसं जागेवर होती, जाळीत अडकणारं प्लास्टिक आम्ही सारखं काढत होतो. तरी कमरेएवढं पाणी झालं, दुकानांत शिरलं. लोक ओरडत होते, मॅनहोलचं झाकण उघडा. मी उघडू दिलं नाही. एका दुकानदारानं मला शिव्या घालत व्हिडिओ काढला, तो सगळीकडे फिरला. आता ठेकेदारानं लेखी खुलासा मागितलाय.

तेव्हापासून पत्र्यावर पाऊस वाजला की झोप उडते. घरी असलो तरी पंप बंद पडल्यासारखं ऐकू येतं. हाताखालच्या पोरांवर ओरडतो. बारा तासांच्या दोन पाळ्या होत्या त्याच्या मी आठ तासांच्या तीन केल्या, त्यांच्याच भल्यासाठी, तर सगळे फुगून बसलेत. त्यांच्यातले काका वीस वर्षं पंपावर आहेत, ते तर कामापुरतंही बोलत नाहीत.

मित्राच्या नादानं ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ ही अंतराळातली इंग्रजी मालिका बघायला लागलो. त्यातला कॅप्टन पिकार्ड आवाज न चढवता हजारभर माणसांचं अंतराळ-जहाज चालवतो. मला तसं व्हायचंय. बायको म्हणते, सिरियलमधल्या माणसाला कुठे ठेकेदार असतो? हा माझा पोरकटपणा आहे का? आणि हे काम सोडून देऊ का?

मला अहो-जाहो करू नका. मोठ्या बहिणीसारखं सांगा.

— एक पंपवाला, परळ

*

भाऊराया,

पोरकटपणा अजिबात नाही. रात्रपाळीहून आलेला माणूस मोबाइलवर एक मालिका बघतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्या माणसांशी नीट कसं वागावं याचा विचार करतो, यात लाजण्यासारखं काय आहे? आपल्याकडे पिढ्यानपिढ्या माणसं कीर्तन आणि नाटकं बघून शहाणी होत आली आहेत. आणि वहिनींना सांग, पिकार्डलाही ठेकेदार आहे. त्याच्या डोक्यावर स्टारफ्लीटचे, म्हणजे त्याच्या अंतराळदलाचे, अ‍ॅडमिरल बसलेले असतात, पटो न पटो हुकूम सोडतात आणि नंतर जाबही विचारतात. वहिनींचं एक मात्र खरं. त्याचं जहाज तरणार की बुडणार हे लेखक ठरवतात. तुझ्या चौकात पाणी किती चढणार हे भरती आणि पाऊस ठरवतात. त्यामुळे त्याच्यासारखा निकाल तुला दर वेळी मिळणार नाही. निकालाच्या आधी आणि निकालानंतर तो कसा वागतो, ते मात्र तुला आजपासून घेता येईल.

ती मालिका १९८७ ते १९९४ अशी सात सीझन चालली, पॅट्रिक स्टुअर्टनं पिकार्ड उभा केला. मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली आहे, म्हणून तुझ्याशी जरा मोकळेपणानं बोलते. तो आवाज चढवत नाही, हे तू अचूक टिपलंस. पण पुन्हा बघशील तेव्हा हुकूम सुटायच्या आधीच्या पाच मिनिटांकडे लक्ष दे. संकट आलं आणि थोडा जरी वेळ हाताशी असला की तो आपल्या अधिकाऱ्यांना लांब टेबलाभोवती बसवतो. इंजिनवाल्याला इंजिनाचं विचारतो, डॉक्टरला माणसांचं विचारतो, सुरक्षेवाल्याला धोक्याचं. दोघांचं जुळलं नाही तर त्यांना वाद घालू देतो. मग एक वाक्य बोलतो आणि उठतो. तोपर्यंत प्रत्येकाला आपण काय करायचं आणि का करायचं हे कळलेलं असतं, त्यामुळे ओरडायला काही शिल्लकच राहत नाही. तुला तो आवाज हवा असेल तर सुरुवात त्या टेबलापासून करावी लागेल. तुझं टेबल म्हणजे डिझेलच्या ड्रमशेजारचं बाकडं असेल, तरी चालेल.

आता त्या रात्रीकडे येते, कारण तुझी झोप तिथेच अडकली आहे.

मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ब्रिटिश काळात बांधल्या गेल्या त्या ओहोटीच्या वेळी ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील या हिशेबानं. पुढे या वाहिन्या सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ती क्षमता ताशी ५० मिलिमीटरवर न्यायचं ठरलं, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाल्यावर त्या कामाला जोर आला. पण भरती साडेचार मीटरच्या वर गेली की ही गणितं कोलमडतात. समुद्राकडची दारं बंद करावी लागतात, नाहीतर समुद्रच गटारातून वर येईल. मग पाणी उतारानं जायचं थांबतं आणि जे काय जायचं ते पंपानंच जातं. त्यात परळ-हिंदमाताचा भाग चहूबाजूंनी उंच आणि मध्ये खोल. प्रमोद महाजन कलापार्क आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या मोठमोठ्या टाक्या बांधाव्या लागल्या त्या याचमुळे. तू हे सगळं माझ्यापेक्षा जास्त जाणतोस. तरी लिहिते आहे, कारण व्हिडिओ बघणाऱ्याला यातलं काही दिसलं नाही आणि हळूहळू तूही त्या व्हिडिओच्या नजरेनं स्वतःकडे बघायला लागला आहेस. तू लिहिलंस तसंच सगळं झालं असेल, तर त्या रात्री तुझ्या जागी कोणीही उभं असतं तरी पाणी भरलंच असतं.

डेटा तुला ठाऊक आहेच, तो यंत्रमानव अधिकारी. १९८९ च्या एका भागात, ‘पीक परफॉर्मन्स’ त्याचं नाव, तो एका नावाजलेल्या रणनीतीतज्ज्ञाशी खेळायला बसतो आणि हरतो. आपल्यात काहीतरी बिघाड असणार असं तो धरून चालतो, स्वतःहून कामावरून बाजूला होतो आणि स्वतःच्या तपासण्या करत बसतो. बाकीच्यांनी सांगून भागत नाही, तेव्हा पिकार्ड स्वतः उठून त्याच्याकडे जातो. त्याला सांगतो की एकही चूक न करता माणूस हरू शकतो, तो कमकुवतपणा नसतो, आयुष्यच तसं असतं. आणि ताबडतोब त्याला कामावर बोलावतो. कुरवाळत बसत नाही. मला तो प्रसंग फार आवडतो, कारण पिकार्ड खोटा धीर देत नाही. तू हरला नाहीस, असं म्हणत नाही.

तू रात्री करतोस ते हेच आहे. न थांबलेला पंप थांबल्याचं तुला ऐकू येतं, कारण इतकं नुकसान झालं म्हणजे कुठेतरी आपली चूक असलीच पाहिजे, असं तुझ्या मनानं घेतलं आहे. चूक सापडत नाही, म्हणून शोध संपत नाही.

त्याच भागात पुढे डेटा दुसऱ्यांदा खेळायला बसतो तेव्हा जिंकायचा हट्ट सोडतो. बरोबरी टिकवायची, एवढंच ठरवतो. समोरचा पटाईत खेळाडू वैतागून उठून जातो. यातून तू काय उचलावंस ते सांगते. उधाण आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की त्या रात्री चौक कोरडा ठेवायचा, हे लक्ष्य सोडून दे. तुझ्या पंपांच्या हातात ते नाही. त्या रात्री दोनच गोष्टी साधायच्या : कोणाचा जीव जाऊ द्यायचा नाही, आणि ओहोटी लागल्याबरोबर पाणी लवकरात लवकर उतरवायचं. हे तुझ्या माणसांना पावसाआधी स्पष्ट शब्दांत सांग. नाहीतर तीही बिचारी रात्रभर पाण्यात राबून सकाळी स्वतःला नालायक समजत घरी जातात.

या हिशेबानं बघितलं तर त्या रात्रीचं तुझं सर्वांत मोठं काम कोणतं होतं, कळतंय ना? २९ ऑगस्ट २०१७ ला याच शहरात, अशाच तुंबलेल्या पाण्यातून घरी चालत निघालेले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडले आणि गेले. कमरेएवढ्या पाण्याखाली झाकण उघडं आहे की बंद, हे वरून कोणालाही दिसत नाही. समोर जमाव, तोंडासमोर मोबाइल, कानावर आईबहिणीवरून शिव्या, आणि एकोणतीस वर्षांचा मुलगा म्हणतो की झाकण उघडणार नाही. हे सोपं होतं का रे? दुकानदाराचा माल भिजला याचं मला वाईट वाटतं, त्याचं हातावरचं पोट असेल. पण त्या चौकातून त्या रात्री पाण्यातून गेलेला प्रत्येक माणूस घरी पोचला.

खुलाशात हे लिही. रडगाणं नको आणि कोणावर खापरही फोडू नकोस. वेळा लिही. पाऊस किती वाजता वाढला, पंप किती वाजता सुरू केले, पाणी दुभाजकापर्यंत केव्हा आलं, दुकानांच्या पायरीला केव्हा लागलं, भरतीची वेळ काय होती, पाणी पूर्ण उतरलं केव्हा. पालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन विभागाच्या संकेतस्थळावर शहरातल्या पर्जन्यमापकांच्या नोंदी आणि भरती-ओहोटीच्या वेळा मिळतात, त्या जोड. डिझेल भरल्याची पावती असेल तर तिची प्रत लाव. झाकणाबद्दल वेगळा परिच्छेद कर आणि त्यात सरळ लिही : ‘झाकण न उघडण्याचा निर्णय माझा होता. पाण्याखाली उघडं झाकण दिसत नाही आणि जीवितहानीचा धोका होता. पुन्हा अशी वेळ आली तरी मी हाच निर्णय घेईन.’ अकरा जणांपैकी कोणाचंही नाव चुकीच्या जागी येऊ देऊ नकोस. कोणी जाळीवर दोन मिनिटं उशिरा पोचला असेल तर ते तुमचं तुमच्यात बोला. आणि एक प्रत स्वतःजवळ ठेव, पोच सही घेऊन.

रोजची नोंदवही नसेल तर आजच एक घे. शंभर पानी साधी वही पुरे. दुभाजकावर रंगानं फुटाच्या खुणा करून घे, म्हणजे ‘खूप पाणी होतं’ असं लिहावं लागणार नाही.

आता पाळ्यांचं. इथे मी जरा स्पष्ट बोलणार आहे, राग मानू नकोस.

बारा तासांची पाळी वाईटच. डिझेलच्या धुरात आणि पाण्यात बारा तास उभं राहून माणसाचं लक्ष टिकत नाही, हे तुझं म्हणणं योग्य आहे. पण ‘चेन ऑफ कमांड’ हा भाग पाहिला आहेस का? १९९२ चा, दोन भागांत आहे. पिकार्ड दुसऱ्या मोहिमेवर जातो आणि त्याच्या जागी जेलिको नावाचा कॅप्टन येतो. आल्या आल्या तो तीन पाळ्यांच्या चार पाळ्या करायला सांगतो. आत्ताच्या आत्ता. दुसऱ्या क्रमांकाचा रायकर सांगायला येतो की लोकांना त्रास होईल, तर जेलिको ऐकूनच घेत नाही. जेलिको मूर्ख नाही बरं का. पुढे त्याची मोहीम फत्तेही होते. पण मधल्या काळात जहाज आतून आंबतं, रायकरला तो कामावरून दूर करतो, आणि ऐन वेळी एक अवघड यान चालवायला सगळ्यांत चांगला माणूस रायकरच आहे म्हणून त्याच्याच दाराशी जावं लागतं.

तू पिकार्ड बघत होतास आणि वागलास जेलिकोसारखा. निर्णय चांगला असला तरी तो वरून पडला की अंगावरच पडतो.

मी इथे बसून अंदाज करते. तुझी माणसं कल्याणच्या पलीकडून येतात. दुपारी तीनची पाळी रात्री अकराला सुटली की कपडे बदलून, हातपाय धुऊन स्टेशन गाठेपर्यंत शेवटच्या गाड्यांची वेळ होते. घरी पोचायला दीड-दोन. बारा तासांत जो ओव्हरटाइम मिळत होता तो आठ तासांत बुडाला असेल, आणि आत्ता शाळांची फी आणि गणपती दोन्ही डोक्यावर आहेत. तिसरं म्हणजे अकरा माणसं दोन पाळ्यांत वाटली तर पंपाशी पाच-सहा जण असतात. तीन पाळ्यांत तीन-चार, आणि त्यातला एखादा सुट्टीवर. एक जण इंजिनाशी, एक जाळीवर, एक डिलिव्हरी पाइपाजवळ, मग झाकणाशी लोकांना अडवायला कोण उभं राहणार? कदाचित काका याचमुळे गप्प असतील. वीस वर्षांच्या माणसाला हे पहिल्या दिवशीच दिसलं असणार, आणि त्याला कोणी विचारलं नाही.

हे सगळं माझं घरबसलं गणित. खरं काय ते त्यांनाच माहीत. म्हणून पुढच्या अमावास्येच्या उधाणाआधी, उघडीप असलेल्या एखाद्या दुपारी, सगळ्यांना एकत्र बसव. आधी काकांकडे एकट्यानं जा. सगळ्यांसमोर एकदम विचारलंस तर ते ‘तुम्ही साहेब, तुम्ही ठरवा’ म्हणून मोकळे होतील, अशी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना म्हण, ‘काका, पाळ्या बदलताना तुम्हाला विचारायला हवं होतं, ते राहून गेलं.’ एवढंच. त्यापुढे लांबण लावू नकोस. मग असं काहीतरी विचार ज्याचं उत्तर त्यांच्याशिवाय कोणाकडे नाही. पाणी पहिल्यांदा कोणत्या गल्लीच्या तोंडाशी साचतं? कोणती जाळी आधी तुंबते, आणि कुठल्या कचऱ्यानं? सक्शनमध्ये हवा धरली की कानाला सगळ्यात आधी काय कळतं? उत्तर लिहून घे, त्यांच्या देखत, त्याच शंभर पानी वहीत.

मग बाकड्यावरची बैठक. सगळ्यांत नव्या पोराला पहिल्यांदा बोलू दे आणि काकांना शेवटी. मोठी माणसं आधी बोलली की लहान गप्प होतात. तू स्वतः मध्ये मध्ये तोडू नकोस, हे तुला जड जाईल. कदाचित असं निघेल की कोरड्या दिवसांत आठ-आठ तास आणि ऑरेंज किंवा रेड अलर्ट उधाणाला जोडून आला तर सगळ्यांनी लांब पाळी करायची, मध्ये आळीपाळीनं दोन तास आडवं व्हायचं. कदाचित भलतंच काही निघेल. ओव्हरटाइमचा प्रश्न असेल तर तो ठेकेदाराकडे न्यायचं काम तुझं, पोरांना पुढे करू नकोस. शेवटी निर्णय तूच घे आणि जबाबदारीही तुझीच असू दे. मत सगळ्यांचं घेतलं म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं असं होत नाही. तसं केलंस तर पुढच्या वेळी पाणी भरल्यावर अकरा जण एकमेकांकडे बोट दाखवतील. पण काकांचं जे घेतलंस ते काकांचं म्हणूनच सांग.

आणि काका तुझ्या तोंडावर तू चुकतोयस म्हणाले तर आनंद मान. पिकार्ड रायकरला ‘नंबर वन’ म्हणतो तो हांजी हांजी करतो म्हणून नव्हे. रायकर पटलं नाही की बोलतो.

एका बाबतीत मात्र पिकार्डचं अनुकरण करू नकोस. तो आपल्या माणसांपासून फार अंतर राखतो. त्याचे अधिकारी सात वर्षं पत्त्यांचा डाव मांडतात आणि तो कधी त्यात बसत नाही. मालिकेच्या अगदी शेवटच्या प्रसंगात तो येऊन बसतो आणि म्हणतो की हे मी फार पूर्वीच करायला हवं होतं. तुझा डबा तू कुठे खातोस? वेगळा बसत असशील तर उद्यापासून त्यांच्यात बस. व्हिडिओ त्यांनीही पाहिला आहे, त्यांना तुझ्याबद्दल काय वाटलं ते जेवताना आपोआप बाहेर येईल.

माणसं सांभाळायची आणखी एक गोष्ट, ती कोणत्याही मालिकेत नाही. तुंबलेल्या पाण्यात जे जे उभे राहिले त्यांना ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात पाठव. लेप्टोची, म्हणजे तुंबलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची, प्रतिबंधक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं तिथे मिळते. पायाला भेग किंवा जखम असेल तर टाळाटाळ नको. कोण जाऊन आला, कोण नाही, याची खूण वहीत कर. तू स्वतः गेला होतास का? खरं सांग.

ओरडण्याबद्दल. पिकार्डही ओरडतो, फक्त तू अजून तिथवर पोचला नसशील. १९९६ च्या ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’ या चित्रपटात जुने शत्रू पुन्हा समोर येतात आणि त्याचा तोल जातो. माघार घेऊया म्हणणाऱ्या वॉर्फ या आपल्या अधिकाऱ्याला तो सगळ्यांसमोर भित्रा म्हणतो. मग लिली नावाची एक बाई, जी त्याच्या हाताखालची नाही, त्याला तोंडावर सांगते की तू सूडानं आंधळा झाला आहेस. तो आणखी चिडतो, हातातल्या शस्त्रानं काचेचं कपाट फोडतो, आणि मग त्याला कळतं. तो परत जातो, माघारीचा हुकूम देतो आणि वॉर्फची माफी मागतो, त्याला म्हणतो की तू मला भेटलेला सर्वांत शूर माणूस आहेस. माफी बाजूला घेऊन, हळूच, अशी मागायची नसते. ज्यांच्यासमोर पोराला झापलंस त्यांच्यासमोरच माग. एका वाक्यात माग आणि पुढच्या कामाला लाग.

तुझी लिली बहुधा वहिनी आहेत. त्या मालिकेला नावं ठेवतात याचा अर्थ त्यांना तू घरात हरवल्यासारखा वाटत असशील. त्या रात्री काय झालं ते त्यांना कधी सलग सांगितलं आहेस का? व्हिडिओतलं नव्हे, तुला दिसलं ते?

तू पत्रात ज्याबद्दल सगळ्यांत कमी लिहिलंस ते मला सगळ्यांत काळजीचं वाटतं. पाऊस वाजला की झोप उडणं, नसलेला आवाज ऐकू येणं. भीषण प्रसंगातून गेलेल्या माणसाच्या शरीराला ती वेळ संपली आहे हे उशिरा कळतं. यात वेड लागण्यासारखं काही नाही आणि लपवण्यासारखंही नाही. १९९० साली त्या मालिकेत शत्रू पिकार्डला पकडतात, त्याचं मन ताब्यात घेऊन त्यालाच शस्त्र करतात, त्यात ३९ जहाजं नष्ट होतात. तो सुटतो. त्या काळच्या मालिकांत दुसऱ्या आठवड्यात नायक ठणठणीत असायचा. इथे मात्र पुढचा अख्खा भाग, ‘फॅमिली’ नावाचा, तो फ्रान्समधल्या आपल्या गावी जातो यावर आहे. द्राक्षमळ्यात थोरल्या भावाशी त्याची जुंपते, दोघं चिखलात लोळतात, हसतात, आणि हसता हसता पिकार्ड रडायला लागतो. मी त्यांना थांबवू शकायला हवं होतं, असं म्हणत राहतो. इतक्या मोठ्या जहाजाचा कॅप्टन, चिखलात बसून, मोठ्या भावापुढे. तुझं पत्र वाचताना मला तो चिखल डोळ्यांसमोर आला.

महिना उलटून गेला आहे, तरी झोप परत आलेली नाही. म्हणजे मदत घ्यायची वेळ झाली आहे. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. रात्री अडीचला पाऊस सुरू झाला आणि छातीत धडधडलं तर तेव्हाच लाव. प्रत्यक्ष डॉक्टरांना भेटायचं तर केईएम रुग्णालय तुझ्या हाकेच्या अंतरावर आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढ आणि जा. रांग असेल, थांबावं लागेल, थांब. वहिनींना बरोबर घेऊन गेलास तर उत्तम. मालिकेत पिकार्डच्या शेजारच्या खुर्चीवर, अगदी मुख्य कक्षात, जहाजाची समुपदेशक बसते. कोणालाही त्यात वावगं वाटत नाही.

नोकरीचं सगळ्यांत शेवटी, मुद्दामच. ‘फॅमिली’ या भागातच पिकार्डला जमिनीवरचं एक मोठं काम देऊ केलं जातं, समुद्राच्या तळातून नवी भूमी वर आणण्याचं, आणि तो मनापासून विचार करतो की जहाज सोडावं. मळ्यातलं ते रडणं होऊन गेल्यावर मात्र त्याला कळतं की आपल्याला परत जायचं आहे. तुझं उत्तर तसंच येईल असं मी म्हणत नाही. तुला कदाचित खरंच दुसरं काम हवं असेल, आणि ठेकेदारीतली असुरक्षितता मी बघते आहे. पण झोप उडालेल्या माणसानं राजीनामा लिहू नये. आधी खुलासा दे, डॉक्टरांना भेट, पाळ्यांचं मिटव. नवरात्रापर्यंत पाऊस ओसरेल, पंप उचलले जातील, तेव्हा बसून ठरव. मधल्या काळात ठेकेदारानं खरा खुलासा बाजूला ठेवून तुला खोटं काही लिहायला सांगितलं, किंवा हाताखालच्या एखाद्यावर ढकलायला सांगितलं, तर मात्र नवरात्राची वाट बघू नकोस. तिथून त्याच दिवशी बाहेर पड, दुसरीकडे काम मिळेल.

खुलाशाचा कच्चा मसुदा झाला की पाठवण्याआधी मला टाक. वेळा तपासून, भाषा नीट करून दोन दिवसांत परत देते.

तुझी,
ताई